ओळख सांगणारे लघुपट: खिसा, गिरणी, निबंधाची वही आणि आंघोळीचे पाणी

निळावंती

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी विद्यार्थ्यांची लघुपट स्पर्धा होते आणि मराठी शिकवते म्हणून संहिता वाचण्याचे काम माझ्याकडे येते. यंदा विषय होता 'ओळख'. आलेल्या संहितांपैकी निम्म्याहून अधिक संहितांत कुणी ना कुणी आरशासमोर उभे राहून "मी नक्की कोण आहे?" असे विचारत होते, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच संहितांत तो आरसा फुटत होता. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ओळख म्हटले की माणूस आधी स्वतःचा चेहराच पाहायला जाणार. परंतु तो गठ्ठा वाचून संपल्यावर मी काही मराठी लघुपट मुद्दाम पुन्हा पाहिले, तेव्हा लक्षात आले की ज्यांनी जात, गरिबी, बाईपण यांविषयी मनात रुतून बसेल असे काही सांगितले आहे, त्या लघुपटांत हा प्रश्न कुणीच कुणाला विचारत नाही. त्याऐवजी तिथे एखादी साधी वस्तू असते आणि सगळे त्या वस्तूभोवती घडते.

राज प्रीतम मोरे यांचा 'खिसा' घ्या. खेड्यातला एक शाळकरी मुलगा आपल्या सदऱ्याला नेहमीपेक्षा मोठा खिसा शिवून घेतो आणि त्यात आपल्या लहानसहान ठेवी साठवू लागतो. एवढीच गोष्ट. मात्र गावातल्या मोठ्या माणसांना तो खिसा खटकू लागतो. खिशाला धर्म नसतो, जात नसते, तरीही तो कुणाच्या छातीवर शिवलेला आहे याने फरक पडतो, हे दिग्दर्शक एकाही भाषणाविना दाखवतो. ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य (नॉन-फीचर) विभागातील पदार्पणाचा पुरस्कार या लघुपटाला मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक असेल.

उमेश विनायक कुलकर्णी यांची 'गिरणी' ही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधली त्यांची पदविकेची फिल्म. घरखर्चाला हातभार म्हणून आई घरातच पिठाची गिरणी घेते. मुलाला सुरुवातीला तिचे अप्रूप वाटते. पुढे तिची घरघर घर व्यापून टाकते, आई गिरणीच्या वेळापत्रकाची होते आणि शाळेत मुलगा चेष्टेचा विषय ठरतो. तो शेवटी काय करतो ते इथे सांगत नाही, कारण ज्यांनी पाहिलेले नाही त्यांनी ते पाहावे. एका यंत्रामुळे मुलाचे गल्लीतले नावच बदलते, आणि ओळख म्हणजे इतरांनी आपल्याला मारलेली हाक हे तिथे जसे कळते तसे मला फार थोड्या निबंधांतून कळले आहे.

आणि निबंधाचा विषय निघालाच आहे तर नागराज मंजुळे यांचा 'पावसाचा निबंध'. शाळेत पावसाच्या सौंदर्यावर निबंध लिहून आणायला सांगितलेला आहे. मुलाच्या घराचे छप्पर गळते आहे, बाप दारू पिऊन पडलेला आहे, आणि वही कोरडी ठेवायला घरात जागा नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय फळ्यावर लिहीत आले आहे. हा लघुपट पाहिल्यापासून तो लिहिताना खडू अडखळतो. विषय देणारी मी कोणत्या छपराखाली उभी आहे, हे मला त्या लघुपटाने दाखवले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की लघुपटाला ओळखीचा प्रश्न वस्तूतून विचारता येतो तेव्हाच तो पेलतो. वीस मिनिटांत माणसाचे चरित्र मावत नाही, पण एका वस्तूचे चरित्र मावते. तुम्हाला असा एखादा लघुपट आठवतो का, ज्याने प्रश्न थेट तोंडावर विचारला आणि तरीही तो टिकला? माझ्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मला तो हवा आहे.

रिळवाला

निळावंतीताई, आठवतो. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रसंस्थेसाठी 'आय ॲम ट्वेन्टी' केला. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला तेव्हा जन्मलेली मुले वीस वर्षांची झाली, तेव्हा शास्त्रींनी त्यांना कॅमेऱ्यासमोर उभे करून सरळ विचारले की हा देश तुम्हाला कसा वाटतो, तुम्हाला काय हवे आहे. यापेक्षा थेट काय असणार? आणि तरीही तो आजही ताजा वाटतो, कारण उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी उत्साहाने बोलतो, कुणी कंटाळलेला आहे, कुणाला काहीच पडलेले नाही. शास्त्रींनी ती तशीच शेजारी शेजारी ठेवली. तुमच्या विद्यार्थ्यांचा आरसा फसतो, कारण आरशात एकच माणूस दिसतो. इथे एका प्रश्नाला अनेक तोंडे आहेत.

मी सोलापूरकडच्या एका एकपडदा चित्रपटगृहात बरीच वर्षे प्रोजेक्टर चालवला. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट किंवा समाचारचित्र दाखवणे परवान्याच्या अटीनेच बंधनकारक होते. हजार फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटे चालते, आणि त्या ११ मिनिटांत प्रेक्षक बाहेर शेंगदाणे घेत, आत येऊन आपली खुर्ची शोधत, किंवा ओळखीच्या माणसाला अंधारातच हाका मारत. 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' ही अक्षरे दिसली की दरवाजावरचा माणूस निवांत होई, कारण अजून वेळ आहे. मीदेखील त्या वेळात पुढच्या रिळाची तयारी करत असे, पडद्याकडे पाहत नसे. आज वाटते, किती गोष्टी माझ्याच हातांतून गेल्या आणि मी त्या पाहिल्याच नाहीत.

पुष्कळ वर्षांनी मुंबईत पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या संकुलात त्यांतले काही नीट पाहिले. तुमच्या वस्तूच्या मुद्द्याला सर्वांत जवळचा लघुपट मला तिथे भेटला आणि तो एका चित्रकाराचा आहे. पंढरपुरात जन्मलेल्या, मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ मध्ये 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' केला. राजस्थानात चित्रित केलेल्या या लघुपटात संवाद नाही, निवेदन नाही. छत्री आहे, कंदील आहे, जोडा आहे, आणि या वस्तू किल्ल्यात, गल्लीत, वाळूत जिथे-तिथे ठेवलेल्या दिसतात. बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटांसाठीचा 'सुवर्ण अस्वल' हा पुरस्कार मिळाला. आता प्रश्न असा की त्या छत्रीचा अर्थ काय? हुसेन तो सांगत नाहीत. 'खिसा'मधला खिसा काहीतरी सिद्ध करण्यासाठी शिवलेला आहे, हुसेन यांची छत्री काहीच सिद्ध करत नाही. मला दुसरी अधिक आवडते, पण ही एका म्हाताऱ्या ऑपरेटरची आवड आहे असे समजा.

आडवाट

रिळवाले काका, चित्रकारांची गोष्ट काढलीतच तर तय्यब मेहता यांचा 'कूडल' विसरू नये. १९७० चा, सोळा-एक मिनिटांचा, फिल्म्स डिव्हिजनचाच. त्यात वांद्र्याच्या कत्तलखान्यातील जनावरे आहेत. त्यांच्या चित्रांत बैल पुन्हा पुन्हा येतो, हे चित्रकलेतल्या मंडळींना माहीत आहे. फाळणीच्या दंगलीत मुंबईच्या रस्त्यावर एका माणसाला जमावाने मारताना त्यांनी तरुणपणी खिडकीतून पाहिले होते. ते दृश्य त्यांनी कधीच सरळ रंगवले नाही, परंतु जमिनीवर पाडलेला, पाय बांधलेला बैल त्यांच्या हातून सुटलाही नाही. इथे वस्तूसुद्धा नाही, एक जनावर आहे, आणि तरीही आपण कुणाच्या हातात आहोत हा प्रश्न अंगावर येतो.

मात्र मूळ लेखाबाबत माझी एक तक्रार आहे. निळावंतीताईंनी ज्या तीन लघुपटांची नावे घेतली, त्या तिन्हींत मध्यभागी मूल आहे. मंजुळे यांचा पहिला लघुपट 'पिस्तुल्या' जोडला तर चार होतात. चौघेही मुलगे आहेत. हा योगायोग नाही. मराठी लघुपटाने परक्या प्रेक्षकाला अवघड गोष्ट पचावी म्हणून मुलाचा आधार घेतला आहे, असे मला वाटते. शाळेची ओढ असलेला, गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या समाजातला लहानगा पडद्यावर आला की सगळे हळहळतात. तोच मुलगा पंचवीस वर्षांचा होऊन हक्क मागायला दारात उभा राहिला, तर हळहळणाऱ्यांपैकी किती जण दार उघडतील? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यालाही सत्तर वर्षे उलटून गेली. या जमातींतला मोठा माणूस आपल्या लघुपटांत फारसा बोलताना दिसत नाही, मूल मात्र वारंवार दिसते. मुलाचे दुःख निरागस असते आणि निरागस दुःख पाहणाऱ्याकडे हिशेब मागत नाही.

निळावंती

आडवाट, ही तक्रार मला मान्य करावी लागेल, निदान अर्धी. चौघे मुलगेच आहेत हे माझ्या लक्षात आले नव्हते आणि याची मला थोडी लाज वाटते.

उरलेल्या अर्ध्याविषयी: 'पिस्तुल्या' हे बाहेरून आणलेले निरागस दुःख नाही. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले. अहमदनगरला संज्ञापन अभ्यासाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना त्यांनी तो लघुपट केला आणि ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. शाळेच्या दाराशी उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याने मुलाकडे कॅमेरा वळवणे आणि महोत्सवासाठी कुणीतरी गोड चेहरा शोधणे, या दोन गोष्टी मला एक वाटत नाहीत. त्यात काम केलेला सूरज पवार पुढे 'फँड्री'त आणि 'सैराट'मध्येही दिसला, म्हणजे ते मूल लघुपट संपल्यावर नाहीसे झाले नाही, पडद्यावरच मोठे होत गेले.

गोदाकाठ

धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. मी परभणी जिल्ह्यातला. दोन लघुपट केले आहेत, दोन्ही कुठे फार गाजले नाहीत. वस्तूचा मुद्दा मला पटतो, परंतु तुम्ही सगळे डोळ्यांनीच बोलत आहात. ओळख आधी कानाला कळते. माणूस चौकटीत येण्याआधी त्याचा आवाज येतो आणि तो कुठला, कुणाचा, किती शिकलेला, हे ऐकणाऱ्याने तेवढ्यात ठरवून टाकलेले असते.

माझ्या पहिल्या लघुपटात एक म्हातारी सुनेला विचारते, "येवढ्या उन्हाचं कुठं निघालीस गं?" म्हातारी अभिनेत्री नव्हती, आमच्याच गल्लीतली आजी होती. प्रसंग छान झाला, पण शेजारच्या मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीचा आवाज ध्वनिमुद्रणात असा काही घुसला होता की ते वापरता येईना. शहरातल्या एका स्टुडिओत डबिंग करायचे ठरले. आजीला तिथे नेले, कानावर हेडफोन चढवला, समोर तिचेच तोंड पडद्यावर हलताना दाखवले आणि सांगितले की या ओठांबरोबर बोला. आजी बिचारी स्वतःकडे बघून हसत सुटली. दोन तासांचे भाडे संपले. शेवटी तिथल्याच एका बाईंनी आजीचा आवाज दिला आणि वाक्य झाले, "एवढ्या उन्हात कुठे निघालीस गं?"

मला तेव्हा विरोध करता आला नाही, कारण अर्थ तर तोच होता. पण तो तसा नाही. 'उन्हात' म्हणजे ऊन आहे तिथे. 'उन्हाचं' म्हणजे उन्हाची वेळ, उन्हाची काळजी आणि 'जाऊ नकोस' हे न म्हटलेले म्हणणे, सगळे एका प्रत्ययात. आमच्याकडे रातीचं, पावसाचं, उन्हाचं कुणी बाहेर निघाले की म्हातारी माणसे याच प्रत्ययाने अडवतात. तो गेला आणि माझ्या लघुपटातली आजी कुठल्याही गावची झाली. स्टुडिओतल्या लोकांनी वाईट हेतूने काही केले नाही, त्यांना ती चूक वाटली आणि त्यांनी ती दुरुस्त केली, इतकेच.

म्हणूनच ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'पावसाचा निबंध'ला कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाबरोबर ध्वनीसाठीही, म्हणजे अविनाश सोनवणे यांना, पुरस्कार मिळाला तेव्हा मला विशेष आनंद झाला. पाऊस चित्रित करणे किती अवघड आहे, हे ज्याने प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल. खरा पाऊस कॅमेऱ्याला सहसा दिसतच नाही. थेंबांच्या मागून प्रकाश दिला तरच ते उठून दिसतात, नाहीतर नुसते पांढुरके आभाळ येते. आणि आवाजाचे तर विचारू नका. पत्र्यावरचा पाऊस मायक्रोफोनला सगळा सारखाच, एकसलग खरखर असा ऐकू येतो. छपरावरचा वेगळा, भांड्यात टपकणारा वेगळा, चिखलातला वेगळा, असे थर एकमेकांपासून सुटे ऐकू यावे लागतात. घर गळते आहे हे प्रेक्षकाला आधी कानांनीच कळते.

चिंचेचे पान

गोदाकाठ यांच्या आजींना माझा नमस्कार. 'उन्हाचं' हे मी आता विसरणार नाही.

निळावंतीताईंच्या शीर्षकात आंघोळीचे पाणी आहे, पण लेखात त्याविषयी एक शब्दही नाही, तेव्हा ती बाजू मी लिहिते. शेखर बापू रणखांबे यांचा 'रेखा' हा तो लघुपट असणार. ६९ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. रेखा रस्त्याच्या कडेला राहणारी बाई आहे. तिच्या अंगाला बुरशीचा संसर्ग झाला आहे. आंघोळ कर आणि मग औषध लाव, असे तिला सांगितले जाते, आणि नवरा तिला आंघोळ करू देत नाही. तिच्या समाजातल्या बायका अंग का धूत नाहीत, याचे कारण जेव्हा तिला समजते तेव्हा ती हादरते. मीही हादरले होते.

मी सांगली भागात आरोग्यसेविका म्हणून काम केले आहे. नायट्याचे औषध देताना मीच शेकडो बायकांना तेच वाक्य सांगितले असेल: रोज आंघोळ करा, अंग कोरडे ठेवा, कपडे उन्हात वाळवा. एकदा एका बाईने मला शांतपणे विचारले, "कपडे वाळंपर्यंत मी काय नेसू?" मी तिच्याकडे बघत राहिले. ट्यूब तिच्या हातात होती आणि तिचा उपयोग करण्यासाठी लागणारी आडोशाची जागा, बादलीभर पाणी, दुसरे लुगडे, यांतले काहीच तिच्याकडे नव्हते. 'रेखा' पाहताना मला सतत ती बाई दिसत होती.

आता मुद्द्याचे. ताई, तुम्ही म्हणता की लघुपट वस्तूतून ओळख सांगतो. मला वाटते की नुसत्या वस्तूचे हे काम नाही. वस्तू वापरण्याची मुभा कुणाला आहे आणि ती मुभा देणारा कोण, हे खरे कथानक आहे. खिसा प्रत्येक सदऱ्याला असतो, तो मोठा करण्याची मुभा या मुलाला नाही. पाणी सार्वजनिक नळाला येते, ते अंगावर घेण्याची मुभा या बाईला नाही. गिरणीत तर उलटे आहे, ती नको म्हणण्याची मुभा मुलाला नाही. हुसेन यांची छत्री कुणाचीच नाही, म्हणून ती मोकळी वाटते आणि काकांना आवडते. तीही आवडावी, पण तिच्याकडून रेखाची गोष्ट सांगून होणार नाही.

निळावंती

चिंचेचे पान, शीर्षक आधी लिहिले आणि 'रेखा'वरचा परिच्छेद जमेना म्हणून काढून टाकला, ही माझी चोरी तुम्ही पकडलीत. बरे झाले, कारण तुम्ही लिहिले आहे ते मला लिहिता आले नसते. 'वस्तू' या शब्दाच्या जागी 'मुभा' हा शब्द मी माझ्या वर्गात वापरणार आहे. आरसा असलेल्या संहितांनाही आता एक प्रश्न विचारता येईल: या घरात आरशासमोर किती वेळ उभे राहायची मुभा कुणाला आहे? त्या प्रश्नाने कदाचित दोन-तीन संहिता वाचतील.

आणि आडवाट यांच्या मुलग्यांच्या यादीला उत्तर म्हणून आणखी एक नाव. पायल कपाडिया यांची 'आफ्टरनून क्लाउड्स' ही पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्येच झालेली, १३ मिनिटांची फिल्म २०१७ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात होती. साठीची एक विधवा बाई आणि तिच्याकडे काम करणारी नेपाळी मुलगी यांची ती एक दुपार आहे. त्या बाईंच्या भूमिकेत उषा नाईक आहेत. 'एक हजाराची नोट'मधली म्हातारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. इतकी वर्षे मराठी पडद्यावर वावरलेल्या अभिनेत्रीला एका विद्यार्थिनीच्या छोट्या फिल्ममध्ये जवळजवळ काहीच न करता बसू दिले आहे, आणि ते बसणे पाहत राहावेसे वाटते. तिथे कुणी काही सिद्ध करत नाही, काका, तुम्हाला ती आवडेल.

राइनकाठ

इकडे जर्मनीत, माझ्या गावापासून जवळच ओबरहाउझन येथे १९५४ पासून लघुपटांचा महोत्सव भरतो आणि शक्य होईल त्या वर्षी मी जातो. १९६२ मध्ये तिथेच २६ तरुणांनी 'जुना सिनेमा मेला आहे' असे सांगणारा जाहीरनामा वाचला होता, आणि ती मंडळी त्या वेळी मुख्यतः लघुपटच करत होती. लघुपट ही मोठ्या चित्रपटाकडे जाणारी शिडी, असे आपल्याकडे मानतात. तिकडे असे अनेक जण भेटतात जे आयुष्यभर तेवढ्याच लांबीचे काम करतात आणि कुणी त्यांना 'आता मोठा कधी करणार?' असे विचारत नाही.

मला लिहायचे होते ते मात्र उपशीर्षकांविषयी. अमर कौशिक यांचा 'आबा' हा लघुपट. नाव वाचून मी मराठी समजून पाहायला बसलो. तो निघाला अरुणाचल प्रदेशातल्या झिरोचा, अपातानी भाषेतला. आजोबांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळते आणि ते स्वतःची कबर स्वतःच खणायला घेतात. घरात आजी आणि पोरकी नात. २०१७ मध्ये बर्लिनच्या बालविभागात त्याला पुरस्कार मिळाला आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारही. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण नात 'आबा' म्हणून हाक मारते तेव्हा मला उपशीर्षक वाचावे लागले नाही. शेजारी बसलेल्या जर्मन मित्राला ते वाचावे लागले. त्या एका शब्दापुरता मी त्या घरातला होतो आणि तो बाहेरचा.

याच्या उलट आपल्या लघुपटांचे इथे काय होते पाहा. उपशीर्षकाला दोन ओळींची जागा असते आणि डोळ्याला ती वाचायला थोडाच वेळ मिळतो. जाऊ, नणंद, भावजय या तिघी इंग्रजीत एकाच नात्याच्या होतात. गोदाकाठ यांचे 'उन्हाचं' तर दूरच राहिले, 'अगं' आणि 'अहो' यांतला फरकसुद्धा पोचत नाही. म्हणून महोत्सवासाठी लघुपट करणारे हळूहळू संवादच कमी करत जातात की काय, अशी मला शंका येते. वस्तू परदेशी जाते, प्रत्यय जात नाही. निळावंतीताईंना जी शैली दिसते आहे, तिच्यामागे थोडे हेही कारण असू शकेल.

रिळवाला

राइनकाठ यांची शंका बिनबुडाची नाही, पण तिला एक उत्तर आहे. चिदानंद नाईक यांचा 'सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो' हा कन्नड लघुपट पाहा, पुण्यातच, इन्स्टिट्यूटच्या एक वर्षाच्या टीव्ही अभ्यासक्रमात झालेला. एक म्हातारी गावचा कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवत नाही, या लोककथेवरचा. २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात त्याला पहिला क्रमांक मिळाला. आता सांगा, कोंबडा आरवल्याशिवाय उजाडत नाही ही समजूत कुठल्या उपशीर्षकात समजावून सांगणार? त्यांनी ती समजावली नाही, तिच्यावरच सगळे रचले, आणि ती पोचली. शिवाय आपल्याकडे कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी म्हण आहे. या लघुपटात ते खरेच राहते, याची गंमत मराठी प्रेक्षकाला कानच्या प्रेक्षकापेक्षा जास्त येईल.

आणखी एक, मग थांबतो. अरुण खोपकर यांचा 'नारायण गंगाराम सुर्वे' हा माहितीपट. तो लांबीने लघुपटात बसत नाही असे कुणी म्हणेल. लघुपटाची व्याख्या प्रत्येकाची वेगळी आहे, ऑस्करवाले ४० मिनिटांपर्यंत मोजतात, कानच्या स्पर्धेत १५ मिनिटांपर्यंतच. ते असो. ५० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य चित्रपटांतले सुवर्णकमळ त्याला मिळाले. मला त्याचे नावच पुरेसे वाटते. रस्त्यावर सापडलेल्या तान्ह्या मुलाला गिरणीकामगार गंगाराम सुर्वे यांनी घरी नेले आणि स्वतःचे नाव दिले. ते नाव कवीने जन्मभर वागवले आणि माहितीपटाने ते मधल्या नावासकट शीर्षकात घेतले. धाग्याचा विषय ओळख आहे, तेव्हा ती कधी कधी अशी कुणाच्या हातून मिळते हेही नोंदवून ठेवावे असे वाटले.

तळकोकण

उशिरा आलो, सगळा धागा एका बैठकीत वाचला. आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा पडद्यावर काहीतरी दाखवतो. येणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, काही महिला बचत गटाच्या, आणि सुट्टीत आलेली मुले. या यादीतले एका संध्याकाळी तीन-चार दाखवायचे झाले तर कोणत्या क्रमाने दाखवावेत? चर्चा व्हावी अशी इच्छा आहे, भाषणे होऊ नयेत अशीही इच्छा आहे.

निळावंती

सर्वप्रथम ज्यांचे लघुपट आहेत त्यांना विचारून परवानगी घ्या. अशा वाचनालयांना ती मिळायला सहसा अडचण येत नाही, असा माझा अनुभव आहे. क्रम विचाराल तर मुलांचे लघुपट एकापाठोपाठ एक ठेवू नका, नाहीतर आडवाट म्हणतात तशी संध्याकाळभर नुसती हळहळ होईल. 'गिरणी'ने सुरुवात करा. तिथे प्रत्येकाला आपल्या गल्लीतली गिरणी आठवेल आणि बोलणे आपोआप सुरू होईल. मग 'रेखा' दाखवा आणि त्यानंतर चहा ठेवा, कारण बचत गटाच्या महिला त्यावर सभेत बोलणार नाहीत, चहाच्या वेळी बोलतील. 'पावसाचा निबंध' शेवटी, आणि निवृत्त शिक्षकांना पुढच्या रांगेत बसवा. स्पीकर मात्र चांगला हवा, गोदाकाठ यांनी वर लिहिले आहे तेवढ्यासाठी तरी.

तळकोकण

आभारी आहे. मग कार्यक्रम दसऱ्यानंतरच ठेवतो. वाचनालयावर पत्रे आहेत, आणि तोपर्यंत आमच्याकडे शेजारी बसलेल्याचे बोलणेही धड ऐकू येत नाही.